शारदा सदनाचे स्वयंपाकघर

मुळशी तालुक्यातील आमच्या महाविद्यालयात पंडिता रमाबाई शिकवताना वर्गाचे लक्ष बहुधा धर्मांतरापाशीच अडते. मागे एकदा मात्र एका विद्यार्थिनीने वेगळेच विचारले : "सर, सदनात स्वयंपाक कोण करायचं?" तिच्या घरी आजी माळकरी, वडिलांना मधुमेहामुळे भात कमी करायला सांगितलेला (आणि शेत आंबेमोहोराचे!), भावांना रविवारी कोंबडी हवी. ते पातेले घरात येत नाही. परसात तीन दगडांवर चढते. हे सारे तिची आई एकटी निभावते. प्रश्न त्या परसातून आला होता, आणि आम्ही तो कधी स्वतःला विचारला नव्हता.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षाच्या नोव्हेंबरात पुण्यास आले. खर्च अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनचा, सल्लागारांत रानडे-भांडारकरांसारखी मंडळी, आणि चालिका बाप्तिस्मा घेतलेली. अशा घरी ब्राह्मण विधवा मुलगी पाठवायची तर पालकांचा पहिला प्रश्न धर्मग्रंथाचा नव्हता, चुलीचा होता. पाणी कोण भरते, सोवळ्यात कोण असते, पंक्तीला कोण बसते? म्हणून जातिनियम पाळण्याची मोकळीक सदनाने दिली. परिणाम विचित्र होता : जिने हे घर उभारले तिचाच स्पर्श त्या सोवळ्याला चालणारा नव्हता.

त्यात विधवेच्या आहाराचे निर्बंध. चोवीस तासांत एकदाच जेवण आणि वर व्रतांचे उपवास, ही तिची स्थिती रमाबाईंनी १८८७ च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात अमेरिकन वाचकांपुढे मांडली होती. आता त्याच निर्बंधांत वाढलेल्या मुली त्यांच्या घरी शिकायला येत होत्या. दिवसभर धडे गिरवायचे तर पोटात अन्न हवे. मुलीच्या मनातला धर्म मात्र सांगे की अन्न टाळ. धर्माची मोकळीक देणाऱ्या घराला दोन्ही सांभाळणे प्राप्त होते.

हे सांभाळणे केवळ पालकांच्या धाकाने आले, असे आम्हांला वाटत नाही. १८८३ ते १८८६ या काळात रमाबाई इंग्लंडात होत्या. वॉन्टेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्या, तरी अंडे घातलेले पुडिंग त्यांनी नाकारले. सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अहंकार दिसला. रमाबाईंनी पत्रातून रोखठोक विचारले, की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहू लागली आणि तिने कोणाला त्रास न देणाऱ्या आपल्या सवयी सोडल्या नाहीत, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल काय? (ही पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केली, विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावीत.) परक्या टेबलाशी एकटीच वेगळे खाणारी बाई म्हणजे काय, हे त्या भोगून आल्या होत्या. वॉन्टेजला स्वतःसाठी जे मागितले, तेच त्यांनी पुण्यात मुलींना दिले.

अर्थात हा गौरव अर्धाच करता येतो. रमाबाईंची सवय कोणाला बाहेर ठेवत नव्हती. सोवळ्याची चूल ठेवत होती. सदनाने मुलींच्या श्रद्धेचा मान राखला आणि त्याच कृतीने जातीची भिंतही आपल्या छपराखाली घेतली. तशी घेतली नसती तर गोदूबाई नातू (पुढे आनंदीबाई कर्वे) यांच्यासारख्या मुली उंबरठ्याशी तरी आल्या असत्या का? आमच्या मते नसत्या. तरीही ती किंमत होती, आणि तिची नोंद चरित्रकार फार घाईने करतात.

१८९३ मध्ये वादळ उठले ते चुलीवरून नव्हे. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली तेथे जाऊन बसत. येऊ नका असे त्या म्हणत नसत. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या घरात अन्नाच्या बाबतीत इतकी काटेकोर वेगळीक होती, तेथे प्रार्थनेच्या दाराला कडी नव्हती. रमाबाईंचे म्हणणे असे, की कडी लावणे हेही मुलींवर बंधनच झाले असते. सुधारकांना हे पटले नाही. आमच्यातही यावर अद्याप एकमत नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी आणलेल्या मुली आपल्याच जिल्ह्यातील केडगावी राहिल्या. त्या अनेक जातींच्या होत्या आणि उपाशी होत्या. शारदा सदनातील वाटाघाट येथे उपयोगाची नव्हती; आता एकाच स्वयंपाकावर सगळ्यांना जेवायचे होते. रमाबाई स्वतः शाकाहारीच राहिल्या.