डच भूचित्रांतील मनोरे

हार्लेम गांवीं 1563 सालीं जन्मलेला यान ह्यूखन फान लिन्स्कोटेन हा डच तरुण 1583 सालीं गोव्यास आला व तेथील आर्चबिशपांच्या पदरीं चिटणीस म्हणून राहिला. स्वदेशीं परतल्यावर 1596 सालीं त्यानें आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत गोवा शहराचा मोठा नकाशा आहे. नकाशा कसला, उंचावरून पाहिल्यासारखें तें चित्रच होय. आणि त्यांत ख्रिस्तमंदिरें आवर्जून दाखविलीं आहेत.

इकडे त्याच्या जन्मगांवीं काय घडलें होतें? 1578 सालीं, ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशींच, शिपाई संत बावोच्या मंदिरांत शिरले. तें मंदिर कॅथलिकांच्या हातून गेलें, तें पुन्हां मिळालें नाहीं.

हेंच मंदिर पुढें डच चित्रकारांचें लाडकें झालें. 1670 च्या सुमारास याकोब फान राइसडाल ह्यानें हार्लेमजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरून दिसणारा देखावा पुनःपुन्हां चितारला. काळ्या खडूचीं त्याचीं रेखाटनेंही आहेत. तो मुलूख आपल्या उमरेडच्या काळ्या रानांहूनही सपाट. चित्राचा बहुतेक भाग आभाळानें व ढगांनीं व्यापलेला, खालीं शेतांची अरुंद पट्टी, आणि क्षितिजावर सर्वांत ठळकपणें मान वर काढणारें संत बावोचें मंदिर. कांहीं अभ्यासक म्हणतात, हा मनोरा म्हणजे स्वर्गाकडे दाखविणारें बोट. दुसरे म्हणतात, ती केवळ शहराची ओळख, वाटसरूंची व खलाशांची खूण. मला दोन्हीं मतें पटतात. परंतु दोहोंतही एक गोष्ट राहून जाते: हीं चित्रें निघत होतीं तेव्हां त्या मनोऱ्याखालीं मिस्साबलिदान होत नव्हतें.

तें कोठें होत होतें, हें चित्रांत दिसावयाचें नाहीं. ज्युबिली जवळ आली कीं मंदिरास उंच मनोरा हवा असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ भेटतात, म्हणून हें थोडें विस्तारानें सांगतों. उघड उपासनेस बंदी असल्यामुळें डच कॅथलिक लोक घरांत, कोठारांत, माळ्यावर जमत. बाहेरून मंदिर म्हणून ओळखूं येणार नाहीं, अशी अट. मनोरा नाहीं, घंटा नाहीं. आम्स्टरडाम येथें यान हार्टमन नांवाच्या व्यापाऱ्यानें कालव्याकांठच्या आपल्या घराच्या माळ्यावर असें मंदिर बांधविलें. 1663 पासून 1887 पर्यंत, म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें, भाविक जिने चढून तेथें गेले. त्याच 1887 सालीं इकडे आपल्या नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली.

माळ्यावरच्या त्या मंडळीकरितां 1887 सालीं संत निकोलसचें नवें मंदिर उघडलें. आम्स्टरडामच्या मोठ्या रेल्वे स्टेशनांतून बाहेर पडलें कीं त्याचे दोन मनोरे समोरच दिसतात.