तटाची आतली बाजू : तळ, झुंड आणि निवेदनाची जागा

१

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. येथून सह्याद्री दिसत नाही. परिसरातील सोलापूर, परंडा, मंगळवेढा, माढा हे सारे किल्ले सपाटीवरचे, भुईकोट. तरीही दिवाळीच्या सुटीत या मुलखातील मूल अंगणाच्या कोपऱ्यात दगड, माती आणि भिजवलेली पोती रचून जो किल्ला उभारते तो डोंगरी असतो. त्याच्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरलेली असते. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजीमहाराज, पायऱ्यांवर मावळे, कपारीत वाघ, पायथ्याशी विहीर आणि गवळण. या रचनेत सहसा एक पात्र नसते, ते म्हणजे शत्रू. बाजारातून मातीची ‘चित्रे’ आणताना चालून येणाऱ्या फौजेची चित्रे कोणी मागत नाही. किल्ला बांधून पूर्ण झाला की खेळ सिद्धीस गेला. त्यापुढे तो पाहायचा आणि दाखवायचा असतो.

संगणकाच्या पडद्यावर आज जो किल्ल्याचा खेळ खेळला जातो, त्याची रीत याच्या उलट आहे. तेथे मध्यभागी एक ठाणे दिलेले असते. लाकूड, दगड, लोखंड, अन्न यांची जुळवाजुळव करीत त्याभोवती घरे, कोठारे, बुरूज आणि तटबंदी उभारायची आणि ठरावीक मुदतीने चालून येणाऱ्या झुंडींपुढे टिकून राहायचे. येथे बांधकाम कधीच पूर्ण होत नाही, कारण शत्रू हाच त्या बांधकामाचा हेतू असतो. या दोन खेळांतील अंतर तंत्रज्ञानाचे आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. वस्तुतः ते निवेदनाचे अंतर आहे. तटाच्या बाहेर कोण आहे, तो बोलू शकतो काय, आणि त्याला ‘झुंड’ हे नाव कोणत्या जागेवरून दिले जाते, हे प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेतले आहेत. मराठी भाषकाच्या दृष्टीने त्यांना आणखी एक निकड आहे. त्याच्या इतिहासात तो तटाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे.

२

या खेळप्रकाराची वंशावळ अल्पकालीन, पण स्पष्ट आहे. अटारीच्या ‘रॅम्पार्ट’ (१९९०) या खेळात तोफांच्या माऱ्याने पडलेली तटबंदी पुढच्या हल्ल्यापूर्वी जुळवून घ्यावी लागे. वेस्टवुड स्टुडिओजच्या ‘ड्यून २’ने (१९९२) साधनसंपत्ती गोळा करणे, तळ उभारणे आणि सैन्य घडवणे यांची आज रूढ झालेली साखळी पक्की केली. मात्र तेथे प्रतिपक्षालाही स्वतःचा तळ होता, नाव होते, ध्वज होता; दोन सत्तांमधील तो संघर्ष होता. न्यूमॅन्शियन गेम्स या स्पॅनिश संस्थेच्या ‘दे आर बिलियन्स’मध्ये (प्राथमिक आवृत्ती २०१७, पूर्ण आवृत्ती २०१९) ही समरूपता उरत नाही. प्रतिपक्षाजागी आहेत ते रोगाने ग्रासलेले मृतवत् देह. त्यांना तळ नाही, नेता नाही, मागणी नाही. शीर्षकातच त्यांची ओळख संपते: सर्वनाम आणि संख्या.

या खेळाचे काही नियम निवेदनतंत्र म्हणून वाचण्यासारखे आहेत. नकाशा अंधारलेला असतो आणि खेळाडूची माणसे जेथवर पोहोचतात तेथवरच तो उजळतो. म्हणजे जगाचे ज्ञान ठाण्याच्या दृष्टीपुरते मर्यादित राहते. रोगग्रस्तांपैकी एक जरी घरापर्यंत पोहोचला तरी घरातील माणसे बाधित होऊन बाहेर पडतात आणि शेजारच्या घरांवर चालून जातात. आत आणि बाहेर यांतील सीमा एका स्पर्शाने कोसळते. खेळाडूला वेळ थोपवून आज्ञा देता येतात, पण हातून झालेली चूक जुन्या टप्प्यावर परतून पुसता येत नाही. शेवटी सर्व दिशांनी अखेरची लाट येते. ती परतवली की विजय. हा विजय निव्वळ टिकून राहण्याचा असतो.

अशा आकृतिबंधात वाटाघाटीला जागा नाही. तह, खंडणी, ओलीस, फितुरी, अभय हे वेढ्याच्या इतिहासातील सगळे शब्द येथे निरर्थक ठरतात. बाहेरच्याला भाषा नसल्याने आतल्यालाही त्याच्याशी बोलण्याचे दायित्व उरत नाही. संस्थेच्या नावात ज्या नुमान्तिया नगराचा प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. इसवी सनपूर्व १३४-१३३ मध्ये रोमन सेनानी स्किपिओ एमिलियानस याने या नगराभोवती तटबंदी आणि सात छावण्यांचे कडे उभारले आणि उपासमारीने ते नगर पाडले. रोमच्या लेखी नुमान्तियाचे लोक रानटी होते. म्हणजे येथे ‘रानटी’ आत होते आणि तट बांधणारे बाहेर. तट कोणी बांधला यावरून झुंड कोणती हे ठरत नाही. ते वृत्तांत कोणाच्या हाती राहिला यावरून ठरते.

३

शब्दांचा इतिहास हेच सांगतो. युरोपीय भाषांत रानटी टोळ्यांसाठी जो ‘होर्ड’ हा शब्द रुळला, त्याचे मूळ तुर्की ‘ओर्दू’ या शब्दात आहे, आणि ओर्दू म्हणजे छावणी, राजाचा तळ. त्याच शब्दातून ‘उर्दू’ हे भाषेचे नाव आले. आतून पाहणाऱ्याला जे दरबार, बाजार आणि बोली यांनी गजबजलेले नगर वाटले, तेच बाहेरून पाहणाऱ्या युरोपीयाला निनावी लोंढा वाटले. मराठीत ‘तळ’ हा शब्द आजही दोन्ही बाजूंना चालतो: आपलाही तळ असतो आणि शत्रूचाही तळ पडतो. ‘टोळधाड’ हा शब्द मात्र एकाच दिशेने चालतो. स्वतःच्या स्वारीला टोळधाड म्हणणारा निवेदक विरळा.

मोडनिंबच्या दक्षिणेस, भीमेच्या काठी मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरी येथे १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाचा ओर्दू स्थिरावला होता. ब्रह्मपुरीचे नाव त्याने इस्लामपुरी केले. आजच्या खेळाच्या परिभाषेत सांगायचे तर या चार वर्षांत ठाणे बादशहाचे होते आणि भोवतीच्या अंधारातून येणारी लाट मराठ्यांची होती. १६९५ मध्येच चित्रदुर्गाच्या बाजूला दोड्डेरी येथे संताजी घोरपडे यांनी कासिमखानाच्या फौजेला एका लहानशा गढीत कोंडले. अन्नावाचून ती फौज खंगली, कासिमखान तेथेच मरण पावला आणि उरलेल्यांना खंडणी घेऊन सोडून देण्यात आले. मोगल वृत्तांतात ही तटाच्या आतून सांगितलेली आपत्तीची कथा आहे. मराठी स्मृतीत तोच प्रसंग पराक्रम म्हणून टिकला. पण दोन्ही कथनांत एक घटक समान आहे: बाहेरचा पक्ष अट घालतो, बोलणे करतो आणि बोलणे झाल्यावर वाट देतो. ज्याच्याशी तह करता येतो तो कितीही भयकारी असला तरी झुंड राहत नाही.

मोगल सेवेत दक्षिणेत वावरलेल्या भीमसेन सक्सेना यांचा ‘तारीख-इ-दिलकुशा’ हा ग्रंथ याहून पुढे जातो. मराठ्यांच्या उपद्रवाविषयी तक्रार करतानाच तो त्याची कारणे शोधतो. जहागिरींची ओढाताण, वसुलीचा जाच आणि त्याला कंटाळून शेती सोडून शस्त्र हाती घेणारी रयत यांची नोंद त्याने केली आहे. झुंड अंधारातून उपजत नाही, ती ठाण्याच्याच वसुलीतून तयार होते, ही जाण ठाण्यातल्या माणसाने लिहून ठेवावी ही लक्षणीय गोष्ट आहे. पडद्यावरच्या खेळात हेच कारण खोडून टाकलेले असते. तेथे रोग आहे, पण रोगाला इतिहास नाही.

४

तळ उभारण्याचे शास्त्र मराठीत नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्य यांचे १७१५च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ दुर्गांना राज्याचे सर्वस्व मानते आणि त्यांच्या व्यवस्थेचे बारकाईने विवेचन करते. जागा निवडताना पाण्याची खात्री करावी, एकाच झऱ्यावर विसंबू नये, दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे, हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस यांची कामे वेगळी राखावीत: साधनांचा हिशेब आणि संकटाची आगाऊ कल्पना यांवर उभी असलेली ही दृष्टी आजच्या कोणाही खेळाडूला ओळखीची वाटेल. तथापि त्याच ग्रंथात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंबा-फणसाच्या झाडांना तिच्या संमतीवाचून हात लावू नये, असाही दंडक आहे. झाड हे येथे कोणाचे तरी लावलेले, वर्षानुवर्षे जोपासलेले झाड आहे. खेळातले रान ही निव्वळ लाकडाची मोजदाद असते. ‘आज्ञापत्रा’तील तटाला बाहेरच्या जगाविषयी कर्तव्य आहे. खेळातील तटाला बाहेरून फक्त धोका आणि कच्चा माल येतो.

हे औदार्य मराठी सत्तेने सर्वत्र पाळले नाही, आणि येथेच मराठी अभ्यासकाची खरी कसोटी लागते. १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या स्वाराला मराठीत ‘बारगीर’ म्हणत. त्याचा बंगालीतला ‘बर्गी’ आजही अंगाईगीतात तान्ह्या मुलांना भिववतो. बर्गींच्या भीतीने कलकत्त्याभोवती खंदक खणण्यास आरंभ झाला. तो अपुराच राहिला आणि मराठे तेथवर गेलेही नाहीत, पण ‘मराठा डिच’ हे नाव उरले. ज्या समाजाचे मूल अंगणात किल्ला बांधते, त्याचेच पूर्वज दुसऱ्या अंगणात अंगाईतले भय झाले.

या स्वाऱ्यांविषयी गंगाराम या कवीने १७५१ च्या सुमारास रचलेले ‘महाराष्ट्र पुराण’ हे बंगाली काव्य वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्यात पृथ्वीवर पाप वाढल्यामुळे शिव नंदीकरवी शाहूला प्रेरणा देतो आणि भास्कर पंडिताची फौज बंगालवर येते. म्हणजे आरंभी मराठे दैवी शासनाचे साधन आहेत. पुढे त्यांनी स्त्रिया, ब्राह्मण, वैष्णव यांवर केलेले अत्याचार पाहून देवी त्यांच्यावर उलटते आणि भास्कर मारला जातो. अत्याचाराचे वर्णन करताना हा कवी कसलीही सूट देत नाही. तरीही त्याच्या शत्रूला उगम आहे, हेतू आहे, नैतिक उतरण आहे. गावे सोडून पळणाऱ्या बाजूने लिहितानाही तो चालून येणाऱ्याला कथेत स्थान देतो. मराठी वाचकाने हे काव्य अस्वस्थ होऊन वाचावे, आणि तरीही त्यात आपण निव्वळ संख्या म्हणून आलेलो नाही हे ध्यानात घ्यावे. पीडिताच्या कथनाने दाखवलेला हा न्याय विजेत्यांच्या कथनातही क्वचितच आढळतो.

५

पुन्हा मोडनिंबच्या परिसराकडे वळले असता आष्टी हे गाव समोर येते. १८१७ च्या नोव्हेंबरात पुणे गेल्यावर दुसऱ्या बाजीरावाजवळ ठाणे उरले नाही. राज्य हाच एक फिरता तळ झाला. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि सातारकर छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मे महिन्यात सोलापूरचा भुईकोटही गेला. याच हंगामात इंग्रजांची दुसरी मोहीम पेंढाऱ्यांवर चालू होती. मुलखाला झुंडींपासून वाचवणारा तट म्हणजे आपले राज्य, ही कंपनीची भूमिका या दोन युद्धांच्या जोडीतून घडली. तिच्या वृत्तांतात पळता पेशवा आणि लुटारू पेंढारी यांच्यातील सीमारेषा धूसर होत गेली. ठाणे गमावलेल्या सत्तेला झुंडीच्या व्याकरणात बसवणे सोपे जाते.

याच आष्टीला पुढे एक तलाव झाला. १८७६-७७ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यात जी मदतीची कामे निघाली, त्यांत त्याचे काम होते. अन्नासाठी घरे सोडून निघालेली माणसे प्रशासनाच्या कागदात जथा म्हणून आणि आकडा म्हणूनच आली असणार. परंतु त्या जथ्याने धरण बांधले. खेळाच्या नियमात जी गोष्ट अशक्य आहे ती या मातीत घडली: बाहेरून आलेल्या लोंढ्यानेच भिंत उभारली, आणि तिच्याआड साठलेले पाणी आतल्यांना मिळाले. जवळच असलेल्या पंढरपुराला तर दरवर्षी आषाढीला लाखोंचा समुदाय येतो. त्याच्या वाटेवरची गावे तट उभारत नाहीत, पाण्याच्या घागरी भरून ठेवतात. संख्या तीच असते. तिला झुंड म्हणायचे की दिंडी, हे तिला तोंड आहे असे मानण्यावर अवलंबून आहे.

तटाच्या आत बसून निर्बोल झुंडी परतवण्याच्या खेळात रस वाटतो यात गैर काही नाही. जमवाजमव, दूरदृष्टी, एका चुकीची पूर्ण किंमत मोजणे, या गुणांना तो खेळ खरोखर आव्हान देतो. समीक्षेपुढचा प्रश्न त्या आकृतिबंधाच्या सवयीचा आहे. बाहेरच्याला भाषा नसते ही अट खेळापुरती मान्य करणारे मन इतिहास वाचतानाही तीच अट घेऊन बसते काय, हे तपासावे लागेल. आणि ते तपासताना मराठी अभ्यासकाला गंगारामाची साक्ष टाळता येणार नाही. दिवाळीच्या किल्ल्यात शत्रू नसतो, ही त्या खेळाची उणीव मानली जाते. पण तेथे पायथ्याशी विहीर असते, गवळण असते, आणि वर जायची वाट मोकळी ठेवलेली असते. मोडनिंबच्या सपाटीवर डोंगर रचणारे मूल तट बांधते, पण तो कोणाविरुद्ध हे अजून ठरवत नाही. ते ठरवण्याचे काम पुढे इतिहासाची पुस्तके करतात.