हिच रॅक (ई-सायकलींसाठी)

हिच रॅक : मोटारीच्या मागे, चॅसीला बोल्टांनी आवळलेल्या पोलादी जोडावर (हिचवर) अडकवायचा सायकलवाहक. ई-सायकल मोटारीमागून न्यायची असेल, तर सर्वांत भरवशाचा प्रकार हाच. छतावरच्या कॅरियरसाठी पंचवीस किलोंचे धूड डोक्याच्या वर उचलावे लागते. डिकीच्या झाकणाला पट्ट्यांनी बांधायचे रॅक स्वस्त असले, तरी त्यांची क्षमता बहुधा सायकलमागे 15 किलोंच्या आसपास संपते. साध्या सायकलीला ती पुरते, ई-सायकलीला नाही.

प्रकार : लटकवायचा आणि ट्रेचा. पहिल्यात सायकल आडव्या नळीने दोन हातांवर टांगली जाते; ई-सायकलीसाठी तो टाळावा. दुसऱ्यात चाके पन्हाळीसारख्या ट्रेत टेकतात आणि सारा भार खालून पेलला जातो.

वजनाचा हिशोब : निवडीतला खरा मुद्दा हा. ई-सायकली साधारण 20 ते 30 किलोंच्या. पंचवीस किलोंच्या दोन सायकली आणि रॅकचे स्वतःचे 20 किलो धरले, तर जोडावर 70 किलो येतात. अमेरिकी पद्धतीच्या सव्वा इंची चौकोनी नळीच्या, पहिल्या श्रेणीच्या हिचला 200 पौंड, म्हणजे सुमारे 90 किलो उभा भार चालतो. दोन इंची, तिसऱ्या श्रेणीच्या हिचला साधारण 500 पौंड, म्हणजे 225 किलोंच्या आसपास. युरोपीय मोटारींच्या 50 मिलिमीटर गोळ्यावर ही मर्यादा बहुतेकदा 75 ते 100 किलो असते. हे आकडे ट्रेलरचा दांडा थेट जोडावर टेकतो असे धरून काढलेले असतात. रॅकवरच्या सायकली मात्र जोडाच्या मागे असतात आणि दुसरी पहिलीहून दूर. त्यामुळे जोडावर नुसता भार नव्हे, पीळही येतो, आणि खड्ड्यात किंवा गतिरोधकावर मोटार उसळली की तो पीळ वाढतो. मुंबईच्या पावसाळी रस्त्यांसाठी रॅक क्षमतेच्या काठावर भरू नये.

मर्यादा तीन तपासायच्या : हिचची, रॅकची एकूण आणि रॅकची सायकलमागची. तिघींत जी आधी संपेल ती खरी. स्वीडनच्या थुले कंपनीचा (स्थापना 1942) घडीचा ‘ईझीफोल्ड एक्सटी 2’ एकूण 60 किलो पेलतो, पण एका सायकलीला 30 किलोच. 35 आणि 20 किलोंची जोडी बेरजेत बसली तरी त्यावर चालत नाही. जड सायकल नेहमी मोटारीकडच्या ट्रेत ठेवावी.

पकड : काही रॅक फ्रेमला चिमट्याने धरतात, काही पुढच्या चाकावर हूक दाबून. हुकाने फ्रेमच्या रंगाला ओरखडा येत नाही आणि आडवी नळी नसलेल्या सायकलीही बसतात. मात्र आपल्याकडे बहुतेक सायकलींना मडगार्ड असते. हूक टायरवर बसण्याऐवजी मडगार्डवर बसला, तर पत्रा वाकतो आणि पकडही ढिली राहते. दुकानात आपली सायकल चढवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चार इंची जाड टायरना रुंद ट्रे आणि लांब पट्टे लागतात. टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना, हेही पाहावे. गरम वायूने रबर खराब होते.

रुंदी आणि कायदा : मोठ्या चाकांची सायकल सुमारे 1.8 मीटर लांब असते आणि रॅकवर ती आडवी बसते. वॅगनआरची रुंदी 1.62 मीटर, म्हणजे चाके दोन्ही बाजूंना बाहेर; स्कॉर्पिओ-एन 1.917 मीटर रुंद, तिच्यामागे सायकल झाकली जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 (1अ) नुसार मर्यादेबाहेर डोकावणाऱ्या भारासाठी 20,000 रुपये दंड आहे. छोट्या मोटारीच्या मालकाने 20 इंची चाकांची घडीची ई-सायकल घेऊन ती डिकीत टाकणे अधिक शहाणपणाचे. मागचे दिवे आणि नंबरपाटी झाकली जाता कामा नये. उच्च सुरक्षा नंबरपाटीचे लॉक एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे ती पाटी काढून रॅकवर लावण्याची वाट बंद आहे. हिच बसवणे हा कलम 52 खालचा फेरफार ठरतो का, हे फिटिंगआधी आरटीओत विचारून घ्यावे. मुंबईतल्या बोरिवलीकरांसाठी ते एमएच-47 चे कार्यालय.

बॅटरी : काढता येत असेल तर काढून मोटारीत ठेवावी. दोन-तीन किलो भार तेवढाच कमी होतो. वेगात मागून उडणारे पाणी पावसाच्या सरीपेक्षा जोरकस असते आणि बॅटरीच्या मोकळ्या खाचेत शिरते, म्हणून ती खाच टेपने बंद करावी. सायकलीवर ताडपत्री घालू नये : ती वाऱ्याने फुगते, रॅकवर ताण आणते आणि दिवे झाकते. उन्हात बंद उभ्या मोटारीत बॅटरी ठेवणेही घातकच.

गंज : खाडीकाठी पिन आणि बोल्ट स्टेनलेसचे घ्यावेत, नळीत ग्रीस.

विमा : हिचची नोंद पॉलिसीत करून घ्यावी.

गोराई (रॅक कुठे लागतो आणि कुठे नाही, याचे उदाहरण) : बोरिवलीजवळ या नावाच्या दोन वस्त्या खाडीच्या दोन काठांवर आहेत. पूर्वेची, बोरिवलीकडची, जागतिक बँकेच्या मदतीने 1985 मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून उभी राहिली. तिथले भूखंड लहान, आतले रस्ते अरुंद. मागे कायम उघडा राहणारा रॅक तिथे गैरसोयीचा, उभा मिटणारा किंवा उतरवून घरात ठेवता येणारा हवा. पश्चिमेची म्हणजे मूळ गाव. ते धारावी बेटावर, मनोरी आणि उत्तनच्या मध्ये आहे. मोटारीने तिथे जायला दहिसर, भाईंदर, उत्तन असा लांबचा वळसा पडतो. बोरिवलीकडच्या जेट्टीवरून सुटणारी बोट मात्र खाडी काही मिनिटांत ओलांडते आणि दुचाक्याही घेते. त्यामुळे ग्लोबल विपश्यना पॅगोडापर्यंत (2009) किंवा मनोरीपर्यंत जाऊ पाहणाऱ्या बोरिवलीच्या ई-सायकलस्वाराला रॅकची गरजच नाही. रॅक लागतो तो घाटापलीकडच्या सहलींना, आणि त्यासाठी दोन इंची हिच, मिटणारा ट्रे आणि सायकलमागे 30 किलोंची क्षमता यांहून कमी काही घेऊ नये.