दरडोई उत्पन्नाची कुळकथा

दर वर्षी १ जुलैला जागतिक बँक देशांची नवी वर्गवारी लागू करते. अल्प, निम्न-मध्यम, उच्च-मध्यम आणि उच्च उत्पन्नाचे असे चार गट. जुलै २०२३ च्या वर्गवारीत वर्षाला दरडोई १,१३५ डॉलर किंवा त्याहून कमी उत्पन्नाचे देश पहिल्या गटात होते आणि १३,८४५ डॉलरच्या वरचे शेवटच्या गटात. जगातली आठशे कोटी माणसे अशी चार कप्प्यांत बसवली जातात. शाळेच्या पुस्तकातले रंगीत नकाशे याच कप्प्यांवरून काढतात. वर्गवारीमागचे गणित मात्र एका ओळीचे आहे: देशाचे वर्षाचे उत्पन्न भागिले लोकसंख्या. हा भागाकार साडेतीनशे वर्षांचा आहे आणि त्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला.

सुरुवात इंग्लंडमधली. १६६५ च्या सुमारास डचांशी युद्ध जुंपले होते आणि राजाला पैसा हवा होता. विल्यम पेटी हा पेशाने डॉक्टर; आयर्लंडच्या जमिनींची मोजणी केलेला माणूस. त्याने इंग्लंडची लोकसंख्या साठ लाख धरली, सगळ्यांचा मिळून वर्षाचा खर्च चार कोटी पौंड धरला, आणि माणशी साडेसहा पौंडांहून थोडी अधिक रक्कम काढली. कराचा बोजा एकट्या जमिनीवर न टाकता लोकांच्या श्रमाच्या कमाईवरही टाकता येईल, हे त्याला दाखवायचे होते. शतक संपता संपता ग्रेगरी किंगने इंग्लंड, फ्रान्स आणि हॉलंड यांचे माणशी उत्पन्न शेजारी शेजारी मांडले. देशांची अशी तुलना तिथून रुजली. दोघांच्या डोक्यात प्रश्न एकच होता: युद्धासाठी प्रजेकडून किती काढता येईल?

हा प्रश्न उलटा करून प्रजेच्या बाजूने विचारला तो दादाभाई नौरोजींनी. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस. १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी भारताच्या दारिद्र्यावरचा आपला निबंध वाचला. सरकारच्याच प्रांतवार अहवालांतून त्यांनी लागवडीचे क्षेत्र, पिकाचा उतारा आणि बाजारभाव गोळा केले होते. ते करताना त्यांना अहवालांतली एक ढोबळ चूक दिसली. प्रांताची सरासरी काढताना कारकुनांनी प्रत्येक जिल्ह्याचा एकरी उतारा घेऊन बेरीज केली होती आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. कुठल्या जिल्ह्यात किती एकर जमीन त्या पिकाखाली आहे, याचा हिशेबच नव्हता. मूठभर एकरांचा जिल्हा आणि लाखो एकरांचा जिल्हा एकाच मापाने मोजला जात होता. दादाभाईंनी ही गणिते क्षेत्राच्या प्रमाणात नव्याने मांडली.

१८६७-६८ साठी त्यांचे उत्तर आले ते असे: ब्रिटिश हिंदुस्थानाचे एकूण उत्पन्न सुमारे ३४० कोटी रुपये, लोकसंख्या १७ कोटी, म्हणजे माणशी वर्षाला २० रुपये. त्या १८६७-६८ सालापर्यंत देशभराची पहिली खानेसुमारीही झालेली नव्हती. ती १८७२ ची.

वीस रुपयांवर ते थांबले नाहीत, आणि त्यांचे मोठेपण इथेच आहे. माणसाला नुसते जगायला किती लागते, हे त्यांनी लगेच शोधले. त्यासाठीही त्यांनी सरकारचेच कागद घेतले: तुरुंगातल्या कैद्याला मिळणारे अन्न आणि कपडे, परदेशी मळ्यांवर निघालेल्या मजुरांना जहाजावर ठरवून दिलेला शिधा. तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचे भाव लावून त्यांनी माणशी खर्च काढला. प्रांत पाहून तो वेगवेगळा येत होता. बहुतेक ठिकाणी सरकार कैद्यावर जेवढे खर्च करत होते, तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नव्हते. मुंबई इलाख्याचे उत्पन्न इतर प्रांतांपेक्षा बरेच वर होते, तरी तेही कैद्याच्या खर्चाला पुरे पडत नव्हते.

राज्यकर्त्यांना उत्तर देणे भाग पडले. १८८२ साली अर्थमंत्री एव्हलिन बेअरिंगने माणशी २७ रुपयांचा आकडा दिला. १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपयांचा. आकडा मोठा करण्याची ही चढाओढ दादाभाईंच्या मुद्द्याला स्पर्शही करत नव्हती. उत्पन्न किती, याच्या जोडीला ते पुरते का, हे त्यांचे विचारणे होते.

विसाव्या शतकात या हिशेबाला शास्त्राचे रूप आले. १९३४ साली सायमन कुझनेट्सने अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला आणि त्यातच बजावले की या आकड्यावरून लोकांच्या सुखाचा अंदाज बांधू नये. १९४० साली कॉलिन क्लार्कने अनेक देशांचे उत्पन्न एका मापात आणले. स्वतंत्र भारताने १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रशांतचंद्र महालनोबीस अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य. सल्लागारांत खुद्द कुझनेट्स होते.

पुढे हा आकडा सावकाराच्या वहीत गेला. १९६० साली जागतिक बँकेने गरीब देशांना सवलतीचे कर्ज देणारी संस्था काढली. सवलत कुणाला, हे ठरवायचे तर कुठेतरी रेघ मारावी लागणार होती. १९७८ च्या पहिल्या जागतिक विकास अहवालात २५० डॉलरपर्यंत दरडोई उत्पन्नाचे देश अल्प उत्पन्नाचे ठरले. १९८९ साली उच्च उत्पन्नाची रेघ १९८७ च्या किमतींनुसार ६,००० डॉलरवर ठरली. तेव्हापासून या रेघा महागाईप्रमाणे थोड्या थोड्या सरकवल्या जातात.

रेघ देशांना लागू होते, माणसे मात्र देशांत सारखी वाटलेली नाहीत. २००७ च्या उत्पन्नावरून भारत निम्न-मध्यम गटात गेला आणि शंभर कोटींहून अधिक लोक एका नोंदीने अल्प उत्पन्नाच्या देशांबाहेर आले. चीन, इंडोनेशिया, नायजेरिया अशा मोठ्या लोकसंख्येच्या देशांनीही ही रेघ पुढे-मागे ओलांडली. २०१० साली अर्थतज्ज्ञ अँडी समनर यांनी हिशेब मांडला तेव्हा दिसले की १९९० मध्ये जगातले दहापैकी नऊहून अधिक अतिगरीब अल्प उत्पन्नाच्या देशांत राहत होते. दोन दशकांनी जवळपास तीन चतुर्थांश मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. बहुतेकांनी आपले गाव सोडले नव्हते. त्यांच्या देशावरची पाटी बदलली होती.

एका आकड्यामागे माणसे झाकली जाण्याचा हाच प्रकार आपल्या महाराष्ट्रातही आहे. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न छापून येते. मुंबई, ठाणे, पुणे वर. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम तळाशी. या सगळ्यांची सरासरी म्हणून जो एक आकडा राज्याच्या नावावर जाहीर होतो, तो नंदुरबारच्या डोंगरातल्या घराबद्दल काही सांगत नाही. पालघरमध्ये तर जिल्ह्याच्या आकड्यातही तारापूरचे कारखाने आणि जव्हारचे पाडे एकत्र मोजले जातात.

म्हणून दरडोई उत्पन्नाचा आकडा टाकून देण्याची गरज नाही. त्याला एकटे सोडू नये, एवढेच. तो जिथे छापला जाईल तिथे शेजारी दुसरा रकाना हवा: त्या ठिकाणी एका माणसाला पोटभर आणि नीट जगायला किती लागते, आणि तेवढे किती जणांच्या हाती येते. ही रीत दीडशे वर्षांपूर्वी, संगणक नसताना एका माणसाने घालून दिली. आज आपल्याकडे दोन्ही रकाने भरण्याची साधने आहेत. दुसरा रकाना मागणे, हे प्रत्येक नागरिकाचे काम आहे.