नृत्यवर्गाची जमीन : वरचे रूप नको, खालचा थर पाहा

पुण्या-मुंबईतील कथक-भरतनाट्यम्‌चे वर्ग आता बहुधा सदनिकेच्या दिवाणखान्यात, सोसायटीच्या सभागृहात किंवा व्यापारी संकुलातील गाळ्यात भरतात. वर्ग सुरू करताना आरसे, ध्वनियंत्रणा, वातानुकूलन यांवर सढळ हाताने खर्च होतो. जमीन मात्र बिल्डरने दिली तीच राहते. ही जमीन म्हणजे काँक्रीटच्या स्लॅबवर सिमेंटमध्ये बसविलेली व्हिट्रिफाईड लादी. दिसायला देखणी, पुसायला सोपी आणि नाचायला सर्वांत वाईट.

पाय आपटला, की जमीन तितक्याच जोराने पायाला उलट धक्का देते. लवचीक जमीन किंचित दबते आणि त्या धक्क्याचा काही भाग जिरवते. काँक्रीट काहीच जिरवत नाही. सगळा भार टाच, नडगी, गुडघा आणि कंबर यांच्या वाट्याला येतो. कथकच्या तत्कारात किंवा भरतनाट्यम्‌च्या अडवूंमध्ये हा आघात एकेका तासात शेकडो वेळा होतो आणि तोही अनवाणी पावलावर. नडगीत ठणका, टाचदुखी आणि दुर्लक्ष झाल्यास हाडाला बारीक चीर जाणे, ज्याला डॉक्टर स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, अशा दुखापती त्यातून उद्‌भवू शकतात. वाढीच्या वयातील मुलांइतकाच हा धोका एकामागोमाग एक वर्ग घेणाऱ्या गुरूंनाही असतो. जुन्या वाड्यांच्या लाकडी माड्या किंवा नाट्यगृहांचे फळ्यांचे रंगमंच पायाखाली थोडे तरी दबत असत.

लाकूड दिसले म्हणजे झाले?

सर्वाधिक फसगत येथेच होते. स्लॅबवर थेट चिकटविलेली लाकडी पट्टी किंवा पातळ फोमवर अंथरलेले लॅमिनेट लाकडासारखे दिसते, पण आघाताच्या बाबतीत ते जवळपास काँक्रीटसारखेच वागते. लवचिकता वरच्या थरात नसते, ती खालच्या रचनेत असते. चांगल्या ‘स्प्रंग’ जमिनीत स्लॅबवर प्रथम ओल अडविणारा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्यावर रबराचे किंवा दाट फोमचे तुकडे, त्यावर लाकडी बॅटन, मग सांधे एकमेकांवर येणार नाहीत अशा बेताने प्लायचे दोन थर आणि शेवटी वरचा पृष्ठभाग. प्लाय पाण्याला टिकणारा घ्यावा. आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लाय बाजारात सहज मिळतो.

बॅटनमधील अंतर वाढवून पैसे वाचविण्याचा मोह टाळलेला बरा. अंतर फार झाले, की बॅटनवर जमीन कडक आणि मधल्या भागात मऊ लागते. एका पावलाला एक आणि दुसऱ्या पावलाला भलतेच काही मिळाले, तर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. तयार जमीन विकणाऱ्या कंपनीला ती किती धक्का जिरवते, हा आकडा जरूर विचारावा. क्रीडागृहांच्या जमिनीसाठी युरोपात २००६ मध्ये आलेल्या ईएन १४९०४ या मानकानुसार काँक्रीटच्या तुलनेत किमान २५ टक्के धक्का जिरायला हवा. जर्मनीच्या डीआयएन १८०३२ या मानकात लाकडी बांधणीच्या जमिनीसाठी ही अपेक्षा ५३ टक्के आहे. दोन्ही मानके खेळांसाठी आहेत, पण नृत्यासाठीही तुलनेला उपयोगी पडतात.

जाड गालिचा किंवा कोड्यासारख्या जोडायच्या फोमच्या चटया हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. त्यात पाऊल रुतते, चक्कर घेताना तळवा अडतो आणि शरीर फिरून गुडघा मागे राहतो.

घसरडी की चिकट?

याचे उत्तर नृत्यशैलीवर अवलंबून आहे. बॅले आणि समकालीन नृत्यात लाकडी रचनेवर ‘मार्ली’ या नावाने ओळखले जाणारे व्हिनाइल अंथरतात. त्यावर बूट घसरत नाही. कथकच्या टाचेवरील चकरांना तेच व्हिनाइल, विशेषतः घामट पायांखाली, जास्त धरून ठेवते. तेथे मंद चकाकीचे लाकूड बरे. आरशासारखे पॉलिश टाळावे आणि जमिनीवर टाल्कम पावडर भुरभुरण्याची सवयही. त्याने काही जागा निसरड्या होतात, काही तशाच राहतात. अनवाणी नाचणाऱ्यांसाठी स्क्रूची डोकी लाकडात खोल बसलेली आणि कुसळे घासून काढलेली असणे अत्यावश्यक आहे.

पावसाळा आणि खालचा मजला

कोकणपट्टीच्या दमट हवेत लाकूड फुगते. म्हणून बसविण्यापूर्वी ते काही दिवस त्याच खोलीत ठेवावे आणि भिंतीलगत सुमारे १० ते १२ मिलिमीटर फट सोडावी. फट झाकणारे स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, जमिनीला नव्हे. अन्यथा फुगलेले लाकूड मध्यभागी उचलले जाते. तळमजल्यावर ओलीबरोबर वाळवीचाही बंदोबस्त हवा.

पोकळ जमीन ढोलासारखी घुमते, हे खालच्या मजल्यावरील शेजारी लवकरच सांगतात. बॅटनच्या मधल्या जागेत खनिज लोकर भरली, तर घुंगरांचा आणि पावलांचा नाद बराच दबतो, पूर्ण थांबत नाही. जमीन दोन ते चार इंच वर येते, तेव्हा दारे खालून कापावी लागतात. उंबरठ्याशी तयार होणारी पायरी ठेच लागण्याची हमखास जागा असते, तेथे उतार करून घ्यावा.

भाड्याच्या सभागृहात कायमची जमीन बसविता येत नाही. तेथे एकमेकांत अडकणारे, खाली फोम असलेले सुटे लाकडी फलक अंथरून उचलता येतात. तेही परवडत नसतील, तर उड्या आणि द्रुत लयीतील तत्काराचा सराव मर्यादित ठेवावा, मधली विश्रांती वाढवावी आणि उरलेला वेळ हस्तक, अभिनय व पढंत यांना द्यावा.

जमीन घेताना तिच्यावर पाच-सहा ठिकाणी टाच आपटून पाहावी. मध्यभागी, कडेला आणि सांध्यांवर आवाज व दाब सारखाच लागला पाहिजे. नंतरच्या देखभालीत रोज कोरडा झाडू आणि घट्ट पिळलेले ओले फडके एवढे पुरते. तेलकट द्रव्ये आणि मेणाचे पॉलिश वापरू नये.