लाल ओकची मोजपट्टी

कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पॅनेल लावतात. आपल्याकडे ते सरसकट ‘पफ पॅनेल’. त्याच्या अमेरिकी माहितीपत्रकात ज्वाला पसरण्याचा निर्देशांक दिलेला असतो: 25, फार तर 75. हे 25 कशाचे, याचा माग काढत गेलो आणि थेट लाकडाच्या वखारीत पोचलो. अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा म्हणजे शून्य आणि लाल ओकची फळी म्हणजे 100, अशी ती मोजपट्टी आहे!

फोमची स्वतःची कुळकथा सर्वांना ठाऊक असते. पॉलियुरेथेन 1937 साली लेव्हरकुसेनमध्ये ओटो बायरच्या हाताखाली जन्मलं, पुढे ते फुगवता येऊ लागलं, इतकं पुरे. मला रस आहे तो मोजपट्टीत. अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेत अल्बर्ट स्टायनरने 1944 च्या सुमारास एका बोगद्याला पक्कं रूप दिलं. 24 फूट लांबीचा नमुना बोगद्याच्या छताला लावायचा, एका टोकाला गॅसची ज्वाला पेटवायची आणि दहा मिनिटं आग किती धावते ते बघायचं. ओकवरून ज्वाला साडेपाच मिनिटांत टोक गाठते, असा झोत बसवलेला असतो.

हा बोगदा बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’मधून आला असं म्हणायचा मोह होतो. नोव्हेंबर 1942 मध्ये त्या नाइटक्लबात 492 माणसं गेली आणि सजावट क्षणात पेटली. साल तर चपखल जुळतं. मला मात्र ते पटत नाही. क्लबात जळलं ते कापड-कागदाचं शोभेचं सामान. त्यासाठी कुणी यंत्र घडवलं असतं, तर माप ओकचं कशाला ठेवलं असतं? ज्याला फळीवरच्या अग्निरोधक लेपाची किंमत ठरवायची आहे, तोच फळीला 100 म्हणेल. दुर्घटनेने बोगद्याला मागणी आणली असेल, पण वंश लाकडाचाच.

आणि तिथेच फोमचं फावलं. पॉलिस्टायरीन छतावरून वितळून खाली गळतं, मग छतावर पसरायला ज्वालेला उरतं काय? पॉलियुरेथेन गळत नाही, पण ते इतकं हलकं असतं की बोगद्यात त्याला 25 मिळू शकतात. खऱ्या खोलीत चित्र उलटं. उष्णता आत मुरत नाही, म्हणून फोमचा पृष्ठभाग झटकन तापतो आणि कोंडलेली धग सगळं एकदम पेटवते. इकडे आकड्याच्या जोरावर जाहिराती म्हणत होत्या, ‘आपोआप विझणारा’, ‘न जळणारा’.

हे पकडलं कुणी? बांधकाम खात्याने नाही, अग्निशमन दलानेही नाही. 1973 मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिराती तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेने, 26 उत्पादक आणि प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेवर तक्रार दाखल केली. चाचणीचं मानक छापणाऱ्या एएसटीएमलाही त्यात ओढलं. 1974 च्या तडजोडीत ते शब्द गेले, संशोधनासाठी 50 लाख डॉलर आले. पाठोपाठ अमेरिकी बांधकाम-संहितांमध्ये फोमवर 15 मिनिटं टिकणारा आडोसा आला, बहुधा अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. अख्खी खोली पेटवून पाहणारी कोपरा-चाचणीही याच काळात पुढे सरकली. संहितेतला हा आडोसा मूळचा जाहिरातबाजीच्या खटल्याचं अपत्य आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

तरी पत्र्याने झाकलेल्या गाभ्याचा प्रश्न उरलाच. पत्रा ज्वाला अडवतो, धग नाही. आत गाभा विघटित होऊन वायू सांध्यांतून निघतो आणि पत्रे सुटतात. 1993 साली इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात अशाच पॅनेलांच्या आगीत दोन अग्निशमन जवान दगावले. ब्रिटनमध्ये आता एलपीएस 1181 नावाच्या चाचणीत पॅनेलांची मोठी खोली उभारून ती पेटवतात. तिची मुळं सरकारच्या इमारत-नियमांत सापडत नाहीत, ती विमा कंपन्यांच्या गोटातली आहेत. स्टायनरच्या संस्थेचाही पाया 1894 मध्ये विमेवाल्यांच्याच पैशावर घातला गेला होता.