कॅन्सरचं औषध योजनेत बसतं की नाही, हे कसं ठरतं?

डॉक्टरांनी लिहून दिलेलं प्रत्येक औषध आयुष्मान भारत योजनेत मिळतंच असं नाही. योजना सुट्या औषधाला नव्हे, पॅकेजला पैसे देते. कोणता कॅन्सर, त्याला कोणती औषधं, एका सायकलचा दर किती, हे आधीच ठरलेलं असतं. ही यादी राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ठरवतं. औषधाचा फायदा किती आणि त्यामानाने खर्च किती, हे त्यात पाहिलं जातं. म्हणूनच नवीन, महागडी इंजेक्शनं यादीत लवकर येत नाहीत.

यादीत असलेल्या औषधालाही रिपोर्ट लागतो. स्तनाच्या कॅन्सरवरचं ट्रास्टुझुमॅब घ्या. गाठीची 'हर-टू' तपासणी पॉझिटिव्ह असेल तरच ते उपयोगी पडतं, त्यामुळे त्या रिपोर्टशिवाय मंजुरी अडकते. बायोप्सीचे कागद घरी ठेवून शहरात गेलात, तर एसटीची खेप फुकट!

कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण योजना कॅशलेस आहे. आधी मेडिकलमधून औषध आणायचं आणि मागाहून बिल लावायचं, हे चालत नाही. पहिल्या डोसआधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, "आमचं पॅकेज कोणतं? त्यात हे औषध आहे का?" अडचण आली तर १४५५५ वर फोन करा.